दह्यावर ओवा

वैजयंतीबाई शिगवण यांनी उभी हयात लोकांना त्यांची गाडी लागल्याचं सांगण्यात घालवली. चिपळूणच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे बसून, माइकवर. ‘चिपळूण-कराड, मार्गे पोफळी, हेळवाक, पाटण...’ असं त्या सुरू झाल्या की बाकड्यावर पेंगणारी माणसं पिशव्या सावरून उठायची. पुढे पुकारायचं काम यंत्राकडे गेलं. यंत्रात आवाज मात्र बाईंचाच भरून ठेवलेला. त्यामुळे निवृत्तीनंतर बाई वाशिष्ठीकाठच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांचा आवाज दिवसभर स्टँडवर लोकांना वाटेला लावतोय, असा सगळा प्रकार होता.

भाजीला गेल्या की स्टँडवरून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. आधी मौज वाटली. नंतर त्यांनी भाजीला जायचा रस्ता बदलला.

नवरा, दिगंबर, कधीच गेला होता. एकुलती लेक तनिष्का, घरची तनू, न्यूझीलंडमध्ये एका वृद्धाश्रमात परिचारिका होती. इथली दुपारच्या जेवणाची वेळ म्हणजे तिथली संध्याकाळ, तेव्हा रोज तिचा फोन यायचा.

“कशी आहेस आई?”

“मजेत! मला काय धाड भरलीये? तू कशी आहेस?”

“मी पण मजेत.”

आता हा ‘मजेत’ शब्द म्हणजे डब्याचं झाकण असतं. लेकरं परदेशात असलेल्या कुठल्याही घरात जा, दोन्हीकडून हे झाकण घट्ट लावलेलं सापडेल. आत काय आहे ते विचारायचं नाही, अशी रीतच पडून गेलीये. बाईंचं झाकण तर फारच घट्ट होतं, आणि त्याला कारण होतं. दिगंबररावांच्या दुखण्यात तनू तिकडची पहिली नोकरी टाकून धावत आली होती. बाप गेला तो गेलाच, आणि तिकडचं दारही बंद झालं. पुन्हा तिथवर पोचायला पोरीची उमेदीची वर्षं गेली. तेव्हा बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली, की आता आपल्यापायी हिला परत यावं लागता कामा नये. आईला घर खायला उठतं हे कळलं की ही बॅग भरणार. म्हणून कळूच द्यायचं नाही.

त्यात परीक्षा तोंडावर आलेली. तिकडे नवा नियम झाला होता. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची तर कामचलाऊ इंग्रजी चालणार नाही. आजोबा ‘वीअरी’ आहेत की ‘डिस्पॉन्डंट’, म्हणजे अंग थकलंय की जगण्यावरूनच मन उडालंय, हे त्यांच्या तोंडच्या एका शब्दावरून परिचारिकेला ओळखता आलं पाहिजे. असे हजारो बारीकसारीक छटांचे शब्द. तनूचे हात सोन्याचे, पण पाठांतर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की नोंदणी रद्द आणि सरळ घरी.

आणि नेमक्या त्याच सुमाराला पट्टी आली.

यातलं शास्त्र समजायला फार अवघड नाही. लहान मुलाला ‘चटका’ हा शब्द कोण शिकवतं? तवा शिकवतो. पुन्हा विचारावा लागत नाही. शब्दकोशात मात्र एका शब्दाची ओळख दुसऱ्या शब्दाने करून दिलेली असते. लग्नाच्या मांडवात एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाची ओळख करून द्यावी, तसं. घरी येईपर्यंत दोघांचीही नावं विसरलेली. शब्द संदर्भात भेटला तर टिकतो, हे मास्तर लोकांना पूर्वापार ठाऊक होतं, म्हणून तर ते ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणायचे. संशोधकांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. संदर्भ म्हणजे नेमकं काय? त्यांना असं दिसलं की भावनेचा शब्द मुरत असतो तेव्हा मेंदूचं निम्मं लक्ष शरीराकडे असतं. ठोके कसे पडतायत, श्वास कुठे अडलाय, तळहात गार आहे का, जिभेवर कसली चव आहे. या सगळ्याचा मिळून एक ठसा उमटतो आणि शब्द त्या ठशाला जाऊन चिकटतो.

मग त्यांनी कानामागे चिकटवायची बोटभर पट्टी तयार केली. देणाऱ्याच्या अंगातला ठसा ती टिपते. शिकणाऱ्याच्या कानामागेही तशीच पट्टी असते. ती मानेतल्या मज्जातंतूला हलकेच छेडते आणि तोच ठसा त्याच्या अंगात अर्धं मिनिट उमटवते. स्पर्श, चव, छातीतली धडधड, सगळं पुसट, पण जसंच्या तसं. तेवढ्यात शब्द कानात तीनदा बोलला जातो. झालं. शब्द जन्मात विसरत नाही.

गोम एकच होती. ठसा खरा लागतो. पट्टी विकणाऱ्या कंपनीने आधी नट-नट्या आणून बसवल्या. त्यांनी धो धो रडून दाखवलं, आणि शिकणाऱ्या पोरांना नुसते गाल ओले झाल्यासारखे वाटले. म्हणून साध्या माणसांकडून ठसे घ्यायला सुरुवात झाली. कागदोपत्री त्यांचं नाव ‘संदर्भदाते’. लोक त्यांना पट्टीवाले म्हणायचे. आनंदाचे ठसे ढिगाने यायचे. बारशाला, साखरपुड्याला लोक पट्टी लावूनच जायचे. टंचाई होती ती एकटेपणाच्या ठशांची. खरोखर एकटं असलेल्या माणसाला अशी काही पट्टी निघालीये हे सांगणार कोण? त्यामुळे कंपनीने जाहिरात दिली. एकटेपणाचे ठसे देणाऱ्याच्या घरातल्या एकाला सगळ्यात वरचा अभ्यासक्रम फुकट, दाता चांगले ठसे देत राहील तोवर. एरवी तो अभ्यासक्रम शिगवणांसारख्यांच्या सात पिढ्यांना परवडला नसता.

बाईंनी जाहिरात दोनदा वाचली. ‘चला,’ त्या स्वतःशी म्हणाल्या, ‘घरात पडून असलेल्या मालाला गिऱ्हाईक आलं.’

तनूला सांगितलं, “एसटीच्या निवृत्तांना सवलत आहे म्हणे. तुझं नाव घातलंय.” पोरगी हरखून गेली. चार दिवसांत फोनवर म्हणाली, “आई, चमत्कार आहे गं! शब्द अंगात शिरतात.” बाई म्हणाल्या, “शिरू देत. जागा भरपूर आहे तुझ्या अंगात, वाळून काटकी झालीयेस.”

कंपनीची ग्रीष्मा नावाची मुलगी आठवड्यातून एकदा फोन करायची. गोड होती बिचारी. बाई तिच्या फोनची वाट पाहायच्या, हे कबूल करायला त्या तयार झाल्या नसत्या.

“ग्रीष्मा, माझ्या ठशांचे शब्द कुठले झाले, सांग की गं एखादा.”

“मलाच कळत नाही काकू. ठसा आला की आधी नाव-गाव पुसतात, माणसांचे आवाज पुसतात. शब्द लावणारे लोक वेगळे. नंतर कुणाचा ठसा कुठल्या शब्दाला गेला, ते खुद्द कंपनीलाही शोधता येत नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे ते.”

बाईंना इंग्रजी यायचं ते बोर्डावरच्या पाट्यांपुरतं. आपल्या जिण्याचे कुठले कुठले शब्द झालेत आणि कुणाकुणाच्या तोंडी बसलेत, याची त्यांना कधीकधी उत्सुकता वाटायची. वाटून काय करणार!

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो रेहानामुळे.

समोरच्या दारात रेहाना परकार राहायच्या. नवरा आयुष्यभर बोटीवर इंजिनाशेजारी उभा राहून कानाने अधू झालेला. “माझ्या घरात बोलायला मी आहे, ऐकायला कोण नाय,” असं म्हणत त्या संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन बाईंकडे यायला लागल्या. सून, नातू, बाजारातले बोंबील, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला की थर्मास रिकामा व्हायचा. बाईंच्या कानामागे बोट दाखवून म्हणायच्या, “त्या पट्टीला सांगा, रेहाना आली, आता झोप जरा.” बाई खळखळून हसायच्या. आपण असं हसतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

महिना गेला असेल. ग्रीष्माचा फोन आला.

“काकू, रागावू नका हं. या वेळचे तुमचे ठसे परत आलेत. ‘मिश्र’ असा शेरा आहे.”

“मिश्र म्हणजे गं?”

“म्हणजे... उबदार येतायत जरा. घरी कुणी राहायला आलंय का?”

बाईंनी ओट्यावरच्या चहाच्या दोन कपांकडे पाहिलं.

“चांगलंच आहे हो ते!” ग्रीष्मा घाईघाईने म्हणाली. “पण असंच राहिलं तर ताईंचा अभ्यासक्रम बंद पडेल. माझ्या हातात काही नाही, काकू.”

परीक्षेला दीड महिना उरला होता. बाईंनी फार विचार केला नाही. आई लोकांचं गणित अशा वेळी भलतंच सोपं असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भावजय येणार आहे म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा बाई खुर्चीत श्वास रोखून बसून राहिल्या.

“वैजूताई?” बाहेरून रेहानांचा आवाज. “आहात ना? चप्पल दिसतेय दारात.”

बाई हलल्या नाहीत. पुन्हा एकदा बेल वाजली. मग थर्मास जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि समोरचं दार हळू लागलं. उजाडल्यावर बाईंनी दार उघडलं, थर्मासमधला गार चहा मोरीत ओतला, थर्मास घासूनपुसून रेहानांच्या दाराशी ठेवला आणि बेल न वाजवता परत आल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ग्रीष्माचा फोन मात्र आनंदाने उड्या मारत आला. “काकू, काय ठसा पाठवलात हो! कुठला शब्द लावायचा यावरून निवडणाऱ्यांमध्ये जुंपली म्हणे!”

हसावं की रडावं, बाईंना कळेना. पुढे आठवडाभर रेहाना बेल वाजवत राहिल्या. मग थांबल्या. जिन्यात समोरासमोर आल्या की “बरं आहे ना?” एवढंच म्हणायच्या, आणि तेही कठड्याकडे बघून. ठसे उत्तम जात होते. तनूचे शब्द भराभर पाठ होत होते. बाईंना हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्यांना ते घर नकोसं झालं होतं.

त्यातच बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबू नका, आधी डावा करू. तनूला सांगायचा प्रश्नच नव्हता, परीक्षा पंधरवड्यावर आली होती. रेहानांना कुठल्या तोंडाने सांगणार? भावजय मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलेली. बाईंनी पिशवी भरली, गॅस बंद केल्याची खात्री केली, देवापुढे हात जोडले आणि दाराशी आल्या. तिथे त्यांचा पाय अडला.

आपल्याकडे कुणी मोठ्या कामाला निघालं की त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवतात, वर चिमूटभर साखर. त्याने ते चाटायचं आणि ‘येतो’ म्हणायचं. ‘जातो’ म्हणायचं नाही. घरातल्याने म्हणायचं, ‘ये.’ शिगवणांच्या घरात एवढाच फरक, की दह्यावर साखरेच्या जागी ओवा असायचा. तनू कराडला शिकायला होती तेव्हा तिला कुंभार्ली घाटात गाडी लागायची. हेळवाक येईपर्यंत पोर पांढरीफटक. गोड खाल्लं की जास्तच. मग बाईंनी साखर बंद केली आणि तव्यावर भाजून चुरडलेला ओवा दह्यावर टाकायला सुरुवात केली. पुढे गाड्या विजेवर आल्या, पण घाटाची वळणं तीच राहिली आणि ओवाही राहिला. विमानाने न्यूझीलंडला निघालेल्या लेकीच्या हातावरसुद्धा बाईंनी दही आणि ओवाच ठेवला होता.

बाई स्वयंपाकघरात परत गेल्या. वाटीत दही काढलं, ओवा चुरडला. आपला उजवा तळहात पुढे केला आणि डाव्या हातातल्या चमच्याने आपणच त्यावर दही ठेवलं. गार लागलं. चाटलं. आधी आंबट, मग ओव्याचा तिखट चटका जिभेच्या शेंड्याला.

उंबऱ्यात उभ्या राहून त्या रिकाम्या घराला म्हणाल्या, “येते हं.”

आणि सवयीने थांबल्या. कुणीतरी ‘ये’ म्हणेल म्हणून छातीत श्वास तसाच धरलेला. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. शेवटी त्यांनी श्वास सोडला, कुलूप लावलं आणि गेल्या. कानामागे पट्टी होती, हे त्यांना इस्पितळात कपडे बदलताना आठवलं.

“सोबत कोण आहे आजी?” नर्सने विचारलं.

“येतायत मागून,” बाई म्हणाल्या.

शस्त्रक्रिया ठीक झाली. मागून कुणी आलं नाही. डोळ्यावर ढापण लावून, काळा चष्मा चढवून, कठडा चाचपत त्या एकट्या जिना चढल्या. तनूला सांगितलं, “फोनचा कॅमेरा बिघडलाय. आवाज येतोय ना? मग झालं तर.”

“बाकी कशी आहेस?”

“मजेत!”

परीक्षा दोन दिवसांवर आली. बाई सकाळी दूध तापवत होत्या. तिकडे भर दुपार, तनूच्या कामाची वेळ. फोन वाजला तशी बाईंनी ओल्या हातानेच तो उचलला. अवेळी येणारा फोन कधी बरं सांगायला येत नाही.

“तनू? काय झालं? बरी आहेस ना?”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

“अगं बोल की! जीव टांगणीला लावू नकोस.”

“आई,” तनू म्हणाली, “दह्यावर ओवा कोण देतं गं?”

बाईंनी गॅस बंद केला. “म्हणजे?”

“मधल्या सुट्टीत अभ्यास करत होते. एक शब्द आला, ‘फॉर्लॉर्न’. दोनदा पाठ करून विसरले होते मी तो. आज पट्टी लावली आणि तळहातावर गार काहीतरी पडलं. मला वाटलं, दही. हसूच आलं. मग जिभेला ओवा लागला, आई.”

“असेल कुणीतरी. खातात लोक ओवा.”

“दह्यावर? हातावर घेतलेल्या दह्यावर? अख्ख्या जगात एकच बाई देते!” तनूचा आवाज फुटला. “आणि देणारा हात डावा होता. माझाच उजवा आणि माझाच डावा. स्वतःच स्वतःला दिलेलं दही. मग कुणीतरी काहीतरी बोललं. शब्द पुसलेले होते, पण काय बोललं ते मला कळलं ना! ‘येते हं’ म्हणून थांबलीस तू. वाट बघत होतीस. किती वेळ थांबली होतीस, आई? मला ते अर्ध्या मिनिटात संपवता येईना. माझा श्वास अजून अडकलाय.”

आयुष्यभर माइकवर बोललेली बाई, तिला एक शब्द सुचेना. शेवटी ओट्याला टेकून त्या म्हणाल्या, “त्याचा अर्थ काय? त्या शब्दाचा?”

“आता तूच मला विचारतेस?” तनू रडत रडत हसली. “ज्याला टाकून सगळे निघून गेलेत आणि जो अजून वाट बघतोय, तो. मराठीत एका शब्दात नाही सांगता येत. कुठे निघाली होतीस एवढ्या मोठ्या कामाला?”

मग सगळं सांगावंच लागलं. डोळा, ढापण, पट्टी, फुकटचा अभ्यासक्रम, बंद केलेलं दार. सांगून झाल्यावर बाईंनी आवाज चढवला. “आणि खबरदार बॅग भरलीस तर! परीक्षा आहे परवा. माझ्यापायी एकदा सगळं सोडलंस तेवढं पुरे. आलीस तर दार उघडणार नाही मी.”

“दार न उघडण्यात हल्ली तरबेजच झालीयेस,” तनू म्हणाली. “मी येत नाही, आई. आले तर तुझं सगळं मातीत जाईल, कळतंय मला. पण तुला एक सांगते. मी पण सकाळी निघताना माझ्याच हातावर दही घेते.”

“काय?”

“पहिल्यांदा नापास झाले त्या दिवसापासून. ओवा इथल्या दुकानातून आणून ठेवलाय. इथे घाट नाही, काही नाही, सरळसोट रस्ता आहे. तरी घेते. दाराशी ‘येते हं’ म्हणते. माझ्या खोलीत पण कुणी ‘ये’ म्हणत नाही गं. म्हणून तर तो ठसा तुझा आहे हे मला कळलं. तो माझाही होता.”

समुद्रापलीकडे एक आणि अलीकडे एक, दोन बाया फोन कानाला लावून रडत राहिल्या. ‘मजेत’ची झाकणं उडाली होती आणि दोन्ही डब्यांत तेच निघालं होतं. इतकी वर्षं रोज फोन करून एकमेकींना फसवलं, आणि पकडून दिलं ते एका परक्या भाषेतल्या शब्दाने.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरलेली.

“उघड,” तनू म्हणाली. “तुझ्याआधी रेहानाकाकींना फोन केला होता मी. असला ठसा देणारी आई बरी आहे का, ते समोरच्या दारात विचारलं. त्या म्हणाल्या, काळा चष्मा लावून फिरते, आम्हाला ओळख दाखवत नाही, दार उघडत नाही. तो ठसा एकटेपणाचा आहे हे मी सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना दाराचं कोडं उलगडलं.”

दारात रेहाना उभ्या होत्या. हातात थर्मास नव्हता. चेहरा रागाने लाल.

“ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बाया बघितल्यात मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर ताक दारात आलं तरी कडी लावून बसलात! मला वाटलं माझंच काय चुकलं. रोज आठवत बसले, काय बोलले मी असं, म्हणून.”

“तुमचं काही नाही चुकलं हो,” बाई म्हणाल्या. “माझंच.”

“ते कळलं आता. सांगायला काय जात होतं? मी येऊन तोंड पाडून बसले असते. तुमची पट्टी खूश झाली असती.” एवढं बोलून रेहानांनी डोळ्याला पदर लावला. “औषधाचे थेंब कोण घालतं?”

“मीच.”

“नेम लागतो का?”

“अर्धे गालावर जातात.”

रेहाना आत आल्या आणि हात धुवायला मोरीकडे वळल्या. लगेच सगळं पहिल्यासारखं झालं, असं मात्र कुणी समजू नये. थर्मास परत यायला पुढे बरेच दिवस लागले. मन दुखावलं की मोतीबिंदूसारखं चटकन काढून टाकता येत नाही.

बाईंनी पट्टी काढून कपाटात ठेवली ती त्याच दिवशी. तनूचा अभ्यासक्रम दुसऱ्या दिवशी बंद झाला. राहिलेले शब्द तिने वहीत लिहून, घोकून, जुन्या रीतीने केले. परीक्षा झाली. तनू पास झाली. अगदी काठावर, पण झाली.

ग्रीष्माचा शेवटचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, “माझा तो दह्याचा ठसा तेवढा काढून टाका, बाई. लाज वाटते मला.”

“नाही काढता येत, काकू. नाव पुसलेलं आहे ना. कुठला तुमचा, तेच सापडत नाही.” मग तिने आवाज बारीक केला. “पण सांगू का? एका शब्दाबद्दल वर सारखी तक्रार येतेय. तो शिकला की मुलं अभ्यास अर्धवट टाकतात आणि तास-तासभर गायब होतात. कंपनीने चौकशी केली. सगळी आपापल्या घरी फोन करत बसलेली असतात म्हणे. तो शब्द तुमचाच असेल असं काही नाही हं. मी आपलं सांगितलं.”

“तू केलास का गं फोन?” बाईंनी विचारलं.

“करते, काकू,” ग्रीष्मा म्हणाली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. तनूची नोंदणी कायम झाली होती, म्हणजे ती यंदा येणार नव्हती आणि पुढच्या वर्षीचंही काही खरं नव्हतं. हे बाईंना माहीत होतं आणि त्याचं दुःखही होतं. आता ते त्या फोनवर बोलून दाखवायच्या, एवढाच फरक. “आज फार कंटाळा आला गं,” म्हणायच्या. तनू म्हणायची, “मला पण.”

सकाळी रेहाना दह्याची वाटी घेऊन आल्या. तळहातावर दही ठेवलं आणि साखरेचा डबा उघडला.

“साखर नको. ओवा,” बाई म्हणाल्या.

“दह्यावर ओवा?” रेहानांनी नाक मुरडलं. “तुमच्यात काय वाटेल ते चालतं बाई.” तरी चिमूटभर टाकला. “मी खाली रिक्षा थांबवते. लवकर उतरा, नायतर तो पळेल.”

त्या गेल्या. बाईंनी तळहात चाटला, हात पुसला, फोन कानाला लावला. पलीकडे तनू होतीच. घर मागे तसंच रिकामं होतं. घड्याळ चाललं होतं. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“येते हं,” त्या म्हणाल्या.

काहीच आलं नाही. समुद्र ओलांडून आवाज जायला आणि परत यायला जो काही क्षण लागतो, तो लागला. त्या क्षणात बाईंच्या छातीत तोच जुना श्वास अडला, अगदी तसाच, पट्टीने टिपला होता तसा.

“ये,” तनू म्हणाली. “लवकर ये, आई.”

खालून रेहाना ओरडत होत्या. बाईंनी कुलूप लावलं आणि कठडा धरून जिना उतरायला लागल्या.